कुरी म्हणजे मेंढी : मोज्याची बाहुली आणि दोन भाषांची अंगणवाडी

[आवाज : सर्रर्र... सर्रर्र... सर्रर्र...]

ओळखलं? पाऊस वाटला ना? जतमध्ये, भर एप्रिलमध्ये पाऊस, एवढं आमचं नशीब कुठलं! हे सूप आहे. त्यात दोन मुठी ज्वारी टाकलीय आणि मी ते हळूहळू गोल फिरवतेय. जोरात फिरवलं की मुसळधार, हळू फिरवलं की रिमझिम. वाचणाऱ्यांनी घरात जाऊन एकदा करून बघा, मग पुढे वाचा.

तर मंडळी, आजचा विषय आहे लहान पोरांना गोष्ट सांगताना, त्यांच्याबरोबर गाणी म्हणताना हातात धरायच्या वस्तू. घरी बनवलेल्या. आता तुम्ही म्हणाल, आम्ही विशीतली माणसं, आम्हाला काय त्याचं? पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात भाचा, पुतणी किंवा शेजारचं एखादं तीन वर्षांचं पोर असणार, आणि ते रडायला लागलं की तुम्ही त्याच्या हातात फोन देणार. मीही द्यायचे. म्हणून हा एपिसोड.

माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे, जत तालुक्याच्या पूर्व भागात. बाहेरच्यांसाठी सांगते : जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका, पलीकडे लगेच कर्नाटक. उमदी, संख या बाजूला गेलात तर कितीतरी घरांत कन्नड बोलतात. बाजारात एकच माणूस भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि वळून तुमच्याशी मराठीत बोलतो. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही. पण तीन वर्षांच्या पोराला वाटतं. घरी आई, आज्जी, अंगणातलं कुत्रं, सगळे कन्नड. आणि अंगणवाडीत आल्यावर अचानक सगळं मराठी.

मागच्या वर्षी मावशीकडे अशीच एक पोरगी यायची. यायची, भिंतीला टेकून बसायची, खाऊ खायची, जायची. दोन महिने एक शब्द नाही. मी म्हटलं, "मावशी, हिला ऐकू येतं ना गं?" मावशी म्हणाली, "अगं, घरी नुसती टकळी चालू असते तिची. इथं आली की गप." मावशीला स्वतःला कन्नड येतं, पण कामापुरतं. बाकी पोरं मराठी. ती "हे काय आहे?" विचारायची आणि पोरगी जमिनीकडे बघायची.

मग मावशीनं एक मेंढी केली. जुन्या पांढऱ्या मोज्याची. तुम्हाला माहीतच असेल, आमच्या तालुक्यातलं माडग्याळ गाव मेंढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. माडग्याळची मेंढी म्हणजे उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब लोंबते कान आणि पोपटासारखं बाकदार नाक. मावशीनं मोज्याच्या पुढच्या टोकात चिंध्या कोंबून तसं नाक काढलं, फाटक्या घोंगडीचे कान शिवले आणि चहाच्या पाण्यानं ठिपके काढले. मेंढी हातात घालून ती गोष्ट सांगायला बसली. ही मेंढी हरवलीय, तिला घर सापडत नाही, एवढीच गोष्ट. मेंढी एकेका पोराजवळ जाऊन विचारतेय. त्या पोरीजवळ गेली. पोरीनं तिच्या नाकाला हात लावला आणि म्हणाली, "नम्म कुरी."

आमची मेंढी. घरी मेंढ्या होत्या त्यांच्या.

मावशी काही बोलली नाही. मेंढीनंच मान हलवून "कुरी?" असं विचारलं. पोरीनं मान हलवली. मग बाकीची पोरं "कुरी कुरी" करत ओरडायला लागली, कारण त्यांना नवा शब्द मिळाला होता. त्या दिवशी अंगणवाडीतली सगळ्यात हुशार पोरगी तीच होती.

मला हे सांगायचंय की वस्तू हातात असली की पोराला भाषांतर करावं लागत नाही. बाईंनी "हे काय?" विचारलं की ती परीक्षा असते, उत्तर चुकू शकतं. मेंढीला कुरी म्हटलं तर चुकायचं काय? समोर मेंढी आहे. आणि पोरगी बाईंशी बोलतच नव्हती, ती मेंढीशी बोलत होती. लाजऱ्या पोरांचं हे तुम्ही बघितलं असेल, माणसाकडे बघत नाहीत पण बाहुलीला सगळं सांगतात.

आता सुपातल्या पावसाकडे परत. कन्नडमध्ये पावसाला मळे म्हणतात. मराठीत मळे म्हणजे बागायती शेतं. जतसारख्या दुष्काळी भागात हे दोन शब्द सारखे ऐकू यावेत, याला काय म्हणावं! मावशी काऊ-चिऊची गोष्ट सांगते तेव्हा सूप फिरवते, अर्धी पोरं "पाऊस" म्हणतात, अर्धी "मळे". चिमणीला गुब्बी, कावळ्याला कागे. गोष्ट एकच चालते, कुणी मागे राहत नाही.

ही काही नवी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांच्यापुढे प्रश्न सरळ होता. माँटेसोरी पद्धतीची साधनं लाकडाची, घोटीव आणि महाग. गावात ती कोण घेणार? मग शंखशिंपले, बिया, पानं, दगड, काड्या, जे आजूबाजूला मिळतं तेच साधन झालं. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं. कोसबाडलाही मुलं वारली बोली बोलणारी होती, पुस्तकी मराठी बोलणारी नव्हती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वस्त साधन हा एक मुद्दा झाला. पण साधन ओळखीचं असणं ही वेगळी गोष्ट. दुकानातली गुलाबी प्लास्टिकची मेंढी आमच्या पोरीनं कुरी म्हणून ओळखली असती का? मला शंका आहे.

आणि एक गंमत सांगते. कर्नाटकात तोगलू गोंबेयाट म्हणून चामड्याच्या सावली-बाहुल्यांचा खेळ आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या करणारा किल्लेक्यात समाज घरात मराठीची एक बोली बोलतो आणि पडद्यामागून खेळ करतो कन्नडमध्ये! म्हणजे आमच्या पोरीच्या बरोबर उलटं. कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना याच कलेसाठी २०२५ ची पद्मश्री मिळाली. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजातही चामड्याच्या बाहुल्या आहेत, आणि चित्रकथी आहे, कागदावरचं एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्यासाठीच.

सावलीचा खेळ तर तुम्ही आज रात्री करू शकता, आणि इथं फोन कामाला येतो. दारात जुनी पांढरी चादर ताणून बांधा. पोरं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चार-पाच फुटांवर फोन उभा करा, टॉर्च चालू. लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून आकार कापा आणि खराट्याच्या काडीला चिकटवा. बाहुली चादरीला टेकवली की सावली रेखीव, टॉर्चकडे आणली की मोठी आणि धूसर. हत्ती "येतो" तो असा. रंगीत सावली हवी तर साध्या पांढऱ्या कागदावर स्केचपेननं रंगवा आणि मागून गोडेतेलाचा बोळा फिरवा. भज्यांचा कागद कसा आरपार दिसायला लागतो, तसा हाही होतो आणि रंग पडद्यावर उतरतो. फक्त हे तेलकट कागद घेऊन दिवा-मेणबत्तीजवळ जायचं नाही. लाइट गेली असेल तरी टॉर्चच.

गाण्याचं जरा वेगळं असतं. गोष्टीला एक वस्तू पुरते, ती सांगणाऱ्याच्या हातात. गाण्यात प्रत्येकाच्या हातात काहीतरी लागतं, नाहीतर मारामारी. नारळाच्या करवंट्या सगळ्यात सोप्या : काठ दगडावर घासून बोथट करायचे आणि दोन एकमेकींवर आपटायच्या, टपटप टपटप, बैलगाडी निघाली. गुलमोहराची वाळलेली शेंग म्हणजे तयार खुळखुळा, पण ती तडकली की बिया बाहेर पडतात, तेव्हा टाकून द्यायची.

आणि आपलं चौंडकं! जतच्या यल्लमादेवीच्या यात्रेला गेला असाल तर ऐकलंच असेल. त्याचं पोरांसाठीचं भावंड असं होतं : दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्या, बुडाला मधोमध बारीक भोक पाडा. जाड दोरा बाहेरून आत घाला, बाहेरच्या टोकाला अर्धी काडी बांधा म्हणजे तो अडकेल. डब्याच्या तोंडातून आलेल्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधा. डबा काखेत, एका हातानं तुकडा ओढायचा, दुसऱ्या हातानं तार छेडायची. ओढ वाढवली की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. दोरा वीत-दीड वीतच ठेवा, गळ्यात अडकेल एवढा लांब नको, आणि खेळून झालं की मोठ्यांनी उचलून ठेवा.

आता माझी चूक. मेंढी बघून मला चेव आला आणि मी एक भारी मोर केला, डोळ्यांना चमकते मणी, पिसांवर मणी. दुसऱ्या दिवशी एका पोरानं त्यातला एक मणी नाकात घातला. मावशी त्याला घेऊन दवाखान्यात पळाली. निघाला मणी, पण मावशी माझ्याशी आठवडाभर नीट बोलली नाही. तेव्हापासून डोळे दोऱ्यानं भरायचे, बटणं नाहीत, मणी नाहीत. खेळणी तपासायला साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या पोरासाठी धोक्याचा. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, एवढं डोक्यात ठेवा. चिकटवायला कणकेची खळ चांगली, पण किडे लागू नयेत म्हणून काही जण तिच्यात मोरचूद घालतात, ते पोरांच्या वस्तूंना अजिबात नको. ते विष आहे. खळ दोन दिवसांत खराब होते, होऊ दे, नवी करा.

फोनबद्दल एकदाच बोलते, लेक्चर नाही देत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात तासाभरापेक्षा जास्त वेळ स्क्रीनसमोर बसू नये, कमी तेवढं बरं. पण माझी तक्रार वेगळीच आहे. फोनवरचं गाणं थांबत नाही. पोरगी "कुरी" म्हणाली तरी व्हिडिओतली मेंढी मान वळवून तिच्याकडे बघत नाही.

कुणीतरी कमेंटमध्ये विचारेल म्हणून सांगून टाकते : वस्तू खूप करू नका. मावशीकडे आता तीनच आहेत. मेंढी, सूप आणि पत्रिकेच्या कागदाचा एक कावळा, ज्याची चोच दर आठवड्याला तुटते. गोष्ट सुरू व्हायच्या आधी त्या फडक्याखाली झाकलेल्या असतात. गोष्ट संपली की मेंढी पोरांच्या हातात, आणि तिथं खरी मजा. मावशीनं सांगितलेली गोष्ट कुणी परत सांगत नाही. परवा मेंढीला ताप आला होता. त्याच्या आधी ती कर्नाटकात आजीकडे गेली होती.

त्या पोरीचं विचाराल तर ती यंदा शाळेत गेली. मराठी फाडफाड बोलते. मेंढीचा डावा कान तिनंच ओढून तोडला होता जायच्या आधी, मावशीनं त्या जागी शर्टाची कॉलर शिवलीय. नवी पोरं त्या कानाला धरूनच मेंढी उचलतात.

[आवाज : सर्रर्र... सर्रर्र...]