बंबखान्यातली रुग्णवाहिका

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. देशातल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे चालवतात, असे त्यात नोंदवले होते. माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी गावात बहुधा त्यांच्याकडेच असे. रुग्ण वाटेत दगावला तरी मालकाचा धंदा बुडत नसे, हा त्या सोयीतला भेसूर भाग. पुढच्या दशकात अनेक शहरांत हे काम अग्निशमन दलाकडे आले. आगी कमी झाल्या, जवान रिकामे बसले, म्हणून त्यांना दुसरे काम दिले, असा त्याचा अर्थ नेहमी लावला जातो. तिथल्या आगी १९८०मध्ये वर्षाला सुमारे तीस लाख होत्या, त्या आता निम्म्यावर आल्या आहेत, हे खरे. पण सिअ‍ॅटलच्या दलाने रुग्णसेवा सुरू केली ती १९७०मध्ये, म्हणजे या घसरणीच्या बरीच आधी. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवे, आणि माझ्या मते ते बंबखान्यांच्या जागांमध्ये आहे.

हृदय अचानक बंद पडले आणि छातीदाब किंवा विजेचा झटका मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. रुग्णालये शहरात मोजक्या ठिकाणी असतात. बंबखाने मात्र आग पसरण्याआधी पोहोचता यावे या हिशेबाने वस्तीवस्तीत उभे केलेले असतात आणि तिथे रात्रंदिवस माणसे तयार असतात. आगीसाठी केलेली ही मांडणी हृदयविकारालाही लागू पडते, हे सिअ‍ॅटलमधल्या हार्बरव्ह्यू रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ लिओनार्ड कॉब आणि दलाचे प्रमुख गॉर्डन विकरी यांनी ओळखले. प्राथमिक उपचार शिकलेले जवान बंब घेऊन आधी पोहोचतात आणि औषधे देऊ शकणारे पॅरामेडिक मागोमाग येतात, अशी दुहेरी रचना तिथे घडली. १९७२पासून सामान्य नागरिकांनाही छातीदाब शिकवला जाऊ लागला, कारण बंब कितीही जवळ असला तरी शेजारी त्याहून जवळ असतो. साक्षीदारांसमोर हृदय बंद पडलेल्या आणि विजेच्या झटक्याने सुधारू शकणाऱ्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे त्या परिसरात वाचतात.

यावरून अग्निशमन दलाच्या हाती सेवा दिली की काम झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सिअ‍ॅटलचे पॅरामेडिक विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे शिकतात, त्यांच्या कामावर डॉक्टरांची देखरेख असते. न्यूयॉर्कने १९९६मध्ये रुग्णवाहिका सेवा रुग्णालय महामंडळाकडून काढून अग्निशमन दलात विलीन केली, पण आतमध्ये दोन जाती राहिल्या. रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्याचा पगार फायरमनपेक्षा बराच कमी, आणि फायरमन होणे ही त्याची बढती. हाताखाली तयार झालेली माणसे त्यामुळे सेवा सोडून शिडीकडे वळतात. गणवेश एक करणे सोपे असते, मान एक करणे अवघड.

बंबखाना महत्त्वाचा या माझ्या म्हणण्यावर विरोधक पिट्सबर्गचे उदाहरण देऊ शकतील, आणि ते वजनदार आहे. तिथे १९६७मध्ये सुरू झालेली फ्रीडम हाउस ही संस्था अग्निशमन दलाची नव्हती. हिल डिस्ट्रिक्टमधल्या कृष्णवर्णीय बेरोजगारांना पीटर साफार या भूलतज्ज्ञांनी प्रशिक्षण दिले, पुढे नॅन्सी कॅरोलाइन संस्थेच्या वैद्यकीय संचालक झाल्या, आणि देशात नमुना ठरावी अशी सेवा उभी राहिली. १९७५मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि ही बंद पडली. दर्जा बंबावर नव्हे तर शिक्षणावर आणि वैद्यकीय देखरेखीवर ठरतो, हे मला मान्यच आहे. पण उत्तम शिकलेला माणूसही पंधराव्या मिनिटाला पोहोचला तर त्याच्या हातात फारसे उरत नाही. बंबखाना पोहोचण्याची वेळ कमी करतो, बाकीचे बाहेरून आणावे लागते.

खर्चाचा आक्षेप अधिक खरा. किरकोळ दुखण्याला चार माणसे आणि अवजड बंब पाठवणे ही उधळपट्टीच. जवानांचा पगार तसाही चालू असतो, हे उत्तर हाका थोड्या असतात तोवरच चालते. जपानमध्ये १९६३च्या कायदादुरुस्तीपासून रुग्णवाहिका हे अग्निशमन दलाचे कायदेशीर काम आहे, सेवा मोफत आहे, आणि वृद्धांची संख्या वाढली तशा फेऱ्या वर्षाला सत्तर लाखांवर गेल्या. म्हणून टोकियोत रुग्णवाहिका मागवावी की नाही हे विचारायला २००७पासून वेगळा दूरध्वनी क्रमांक आहे. हाका गाळण्याची अशी सोय नसेल तर आगीच्या वेळी बंब दुसरीकडे अडकलेला सापडेल.

आपल्याकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत घातली आहे, तर महाराष्ट्रातली २०१४पासूनची १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्य सरकार ठेकेदारामार्फत चालवते. ती मोडून पालिकांकडे द्यावी असे मी म्हणणार नाही. अनेक पालिकांना बंबालाच जवान पुरत नाहीत. मात्र जिथे अग्निशमन केंद्रात माणसे पुरेशी आहेत तिथे त्यांना छातीदाब आणि विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर शिकवावा, आणि १०८ला आलेली हृदय बंद पडल्याची हाक त्याच क्षणी जवळच्या केंद्रालाही जावी, एवढे आधी करता येईल. त्यासाठी नव्या गाड्या लागत नाहीत. लागतो तो दोन नियंत्रण कक्षांमधला जोड, आणि त्या जवानांच्या कामाची जबाबदारी घेणारा एखादा डॉक्टर, ज्याचे पद आज पालिकेच्या आकृतिबंधात बहुधा नसते.