भांडण नावाचं, जंतू मोकाट

२००८ साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जंतू सापडला. आयसीयूत सगळं थकल्यावर काढायची कार्बापेनेम गटातली औषधंही त्याला लागू पडेनात. रुग्ण आधी दिल्लीत दाखल होता, म्हणून ही औषधं तोडणाऱ्या विकराला नाव मिळालं 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', एनडीएम-१.

ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य आजारांवरील नियतकालिकात चेन्नई, हरियाणा आणि ब्रिटनमधल्या जंतूंची तपासणी छापून आली आणि आपल्याकडे गहजब झाला. राजधानीची बदनामी, मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव! राग नावापुरता रास्तही होता. गावाचं नाव रोगाला चिकटलं की ते सुटत नाही. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच फिजिशियन संघटनेच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलं होतं: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१. त्यावर गदारोळ झाला नाही. माहीमचा पुरावा कुणाला खुपला नाही, लंडनचा खुपला.

खरी भीती हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या बैठकीत होती. ते प्लाझमिडवर, म्हणजे जंतूजंतूंत हस्तांतरित होणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेलं. त्यामुळे क्लेब्सिएलाकडून ई. कोलायकडे सहज जायचं. २०११ मध्ये ते दिल्लीत नळाच्या ५० पैकी दोन नमुन्यांत आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत मिळालं. प्रश्न वॉर्डाबाहेर कधीच पडला होता.

मग हालचाल झाली. अँटिबायोटिक्सना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध २०१२ चा चेन्नई जाहीरनामा, मार्च २०१४ पासून निवडक अँटिबायोटिक्सच्या विक्रीवर कडक नियम घालणारं शेड्यूल एच-१, २०१७ चा राष्ट्रीय कृती आराखडा. कागद चांगले होते. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देण्याची सवय मात्र जुनीच राहिली.

डॉक्टरांच्या हाती उरलं कोलिस्टिन, किडनीला इजा करतं म्हणून पूर्वी बाजूला सारलेलं. तेच आपण कोंबड्यांच्या खाद्यातही घालत होतो, २०१९ मध्ये बंदी येईपर्यंत. हे मला आजही सगळ्यात अतर्क्य वाटतं.

अलीकडची तोड जुन्याच औषधातून निघाली. अझट्रिओनाम एनडीएमला तोडता येत नाही, पण त्याच जंतूतली दुसरी विकरं ते तोडतात. त्यांना अडवायला सोबत अविबॅक्टम. या जोडीला युरोपने २०२४ मध्ये मंजुरी दिली.