कांजीची तोंडओळख

जपानी लेखनात तीन लिप्या एकत्र येतात. हिरागाना आणि काताकाना उच्चार दाखवतात. चीनमधून आलेली कांजी अर्थही दाखवते.

• नित्य वापराच्या कांजी २,१३६. जपानी शाळेत पहिलीला ८०.

• एक, दोन, तीन हे आकडे तितक्याच आडव्या रेघांचे. झाड म्हणजे 'की'. दोन झाडे शेजारी काढली की राई, 'हायाशी'. तीन काढली की दाट रान, 'मोरी'.

• बहुतेक कांजींची वाचने एकाहून अधिक. डोंगर एरवी 'यामा', फुजीच्या नावापुढे मात्र 'सान'.

• रेघांचा क्रम ठरलेला: साधारणपणे वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सुरुवातीलाच हात त्याला वळवावा.

• जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे स्तर पाच; एन-५ सर्वांत सोपा. जळगाव-धुळेकरांना महाराष्ट्रातील केंद्रे पुणे आणि मुंबई.