रोमचे बोलके पुतळे

रोम नगरीत येणारा प्रवासी सामान्यतः सम्राटांची स्मारके पाहतो. परंतु या प्राचीन नगरीचा इतिहास विनोदाच्या वाटेने, पायी हिंडतही समजावून घेता येतो. या वाटेवरचे वाटाडे म्हणजे तेथील सहा ‘बोलके पुतळे’ होत.

सहलीचा आरंभ नव्होना चौकाजवळील ‘पास्क्विनो’पासून करणे सोयीचे. हा भग्न, प्राचीन पुतळा कार्डिनल ऑलिव्हिएरो काराफा यांनी १५०१ मध्ये तेथे उभा केला. राज्य पोपचे; उघड टीका धोक्याची. म्हणून नागरिक पुतळ्यावर निनावी उपहासिका चिकटवीत आणि गावभर हशा पिकत असे.

तेथून जवळच पँथिऑन आहे. आठव्या अर्बन पोपने (कारकीर्द १६२३-४४) त्याच्या मंडपातील ब्राँझ काढून नेले. रानटी टोळ्यांनी जे केले नाही ते पोपच्या बार्बेरिनी घराण्याने केले, असा टोला तेव्हा गाजला. पुढे पिंप धरलेला पाणक्या ‘फाक्किनो’ आणि शेवटी कॅपिटोलाइन संग्रहालयात ‘मार्फोरिओ’ भेटतो. मार्फोरिओने साळसूदपणे प्रश्न विचारावा आणि पास्क्विनोने खोचक उत्तर द्यावे, अशी या जोडीची रीत होती.

सहावा एड्रियन पोप (१५२२-२३) पास्क्विनोला टायबर नदीत बुडविणार होता. पण पाण्यात तो बेडकासारखा अधिकच ओरडेल, असे सांगून त्यास परावृत्त करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. पुतळा आजही उभा आहे आणि त्याच्यापाशी आजही कागद लागतात. लोकांचा विनोद ही एक तक्रारवहीच असते. ती नदीत टाकण्यापेक्षा वाचणे कारभाऱ्यांच्या हिताचे असते, हेच या सहलीचे सार होय.