फक्की मारून पाहा: नकाशातलं घर आणि आपले गैरसमज

भातसा धरणाच्या भातसानगर वसाहतीत राहणाऱ्या माणसाला घर घेण्याची वेळ कधी येणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं. नोकरी आहे तोवर पाटबंधारे खात्याचं क्वार्टर, निवृत्त झालं की ते रिकामं करायचं. उमेदीची सगळी वर्षं धरणावर घालवलेला माणूस मग फंडाचे पैसे घेऊन आसनगाव, वासिंद, शहापूर, नाहीतर मुरबाडच्या बाजूला नव्या इमारती बघत हिंडतो. इमारत अजून उभी नसते. कुठे जोत्यापर्यंत काम आलेलं, कुठे नुसता पत्रे ठोकलेला प्लॉट. हातात येतो तो एक गुळगुळीत रंगीत कागद. जन्माची पुंजी कुठे घालायची, ते या कागदावरून ठरतं.

माझे वडील धरणाच्या कार्यालयात अनुरेखक होते. ट्रेसिंगच्या कापडावर रेघा ओढणं हे त्यांचं काम. अमोनियाच्या प्रिंटांचा वास त्यांच्या शर्टाला कायम असायचा. कसलाही नकाशा समोर आला की त्यांचा हात आधी पट्टीकडे जायचा. आमच्या ओळीतली माणसं घर घ्यायचं ठरलं की कागद घेऊन त्यांच्याकडे यायची, आणि आता माझ्याकडे येतात. त्या कागदांवर बसून जे गैरसमज वारंवार ऐकले, ते इथे मांडतो आहे.

"पलंग, कपाट, सगळं बसतंय. नकाशातच दाखवलंय."

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. शेजारच्या काकांनी आसनगावला वन बीएचके बुक करायचं ठरवलं होतं. नकाशात बेडरूम नऊ फूट बाय साडेदहा फूट. आत ऐसपैस डबल बेड, दोन्ही बाजूंना छोटी टेबलं, भिंतीला कपाट. काकू खूश होत्या. मी पट्टी लावली. खोलीची नऊ फुटांची रुंदी कागदावर साडेचार सेंटिमीटर भरली, म्हणजे एका सेंटिमीटरला दोन फूट. आता पलंग मोजला, तो भरला २.३ सेंटिमीटर. म्हणजे चित्रातला डबल बेड जेमतेम साडेचार फूट रुंद. काकांच्या घरातला सागवानी पलंग सहा फूट बाय साडेसहा फुटांचा.

मग आम्ही क्वार्टरसमोरच्या मोकळ्या जागेत फक्की मारली. घर बांधताना मिस्त्री जोत्याची आखणी करतो तशीच, फक्त चुन्याऐवजी काकूंच्या डब्यातली रांगोळी घेतली. सुतळीने काटकोन धरला. एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा गुण्यात आहे. नऊ बाय साडेदहाचा चौकोन आखला, दाराच्या जागी विटा ठेवल्या आणि घरातला पलंग उचलून त्यात आणला. डोकं नऊ फुटांच्या भिंतीला आणि पलंग एका कडेला लावला, तर दुसऱ्या बाजूला तीन फूट उरले. लोखंडी कपाटाची खोली वीस इंच. म्हणजे कपाट आणि पलंग यांच्यात सोळा इंच, आणि कपाटाचं एकेक दार अठरा इंचांचं. दार पलंगाला अडणार. पायथ्याशी चार फूट उरत होते, पण नकाशात खोलीचं दार आणि बाथरूमचं दार दोन्ही तिथेच उघडत होती. दार कुठे वळतं ते नकाशात पाव वर्तुळाच्या बारीक रेघेने दाखवलेलं असतं. त्या वळणाच्या आत काहीही ठेवता येत नाही.

काकू त्या रांगोळीच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगी बाळंतपणाला आली तर पाळणा कुठे टांगू?" हा प्रश्न गुळगुळीत कागद बघून त्यांना पडला नव्हता.

नकाशातलं सामान हे चित्र असतं, माप नसतं. हे पाहायला नवं ॲप लागत नाही. टेप, सुतळी, रांगोळी आणि एक मोकळं अंगण पुरतं. निदान बेडरूम आणि स्वयंपाकघर तरी खऱ्या मापात आखावं, आणि आपलं खरं सामान मोजून त्यात मांडावं. आपल्याकडे गावची शेती असली की वर्षाचे तांदूळ घरात येतात. त्यांचा ड्रम, पाण्याचं पिंप, शिलाई मशीन, देव्हारा यांतलं काहीच बिल्डरच्या नकाशात नसतं. ओट्याची खोली दोन फूट धरा आणि ओट्यासमोर दोन माणसं एकमेकांना न धडकता वावरू शकतात का, ते खरंच उभं राहून बघा.

आखताना मापंही नीट वाचावी. साडेनऊ फूट म्हणजे ९ फूट ६ इंच, ९.६ फूट नव्हे. मंजूर नकाशा मीटरमध्ये असतो. २.७५ मीटर म्हणजे नऊ फूट, ३.२० मीटर म्हणजे साडेदहा. आणि ते माप विटेपासून विटेपर्यंतचं आहे की गिलाव्यानंतरचं, हे विचारून घ्यावं. दोन्ही भिंतींचा गिलावा मिळून खोलीचा एखादा इंच सहज खातो. काकांचं कपाट दोन इंचांनी अडत होतं, हे लक्षात घ्या.

"कार्पेट म्हणजे सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा."

जुन्या काळी समजावून सांगायला हे ठीक होतं, पण कायद्यातली व्याख्या जरा वेगळी आहे. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यानुसार, म्हणजे लोक ज्याला रेरा म्हणतात त्यानुसार, कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची धरत नाहीत. घराच्या आतल्या भिंती मात्र धरतात. समजा कागदावर ३८ चौरस मीटर कार्पेट लिहिलंय. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे साधारण ४०९ चौरस फूट झाले. आत बारा मीटर लांबीच्या भिंती असतील आणि त्या गिलाव्यासह १४ सेंटिमीटर जाड असतील, तर १.६८ चौरस मीटर, म्हणजे अठरा चौरस फूट भिंतींखाली गेले. यात फसवणूक काही नाही, व्याख्याच तशी आहे. पण पाय ठेवायला मिळते ती जागा ३९१ चौरस फूट, ४०९ नव्हे.

आणि साइटवरचा माणूस तोंडी "साडेसहाशेचा फ्लॅट" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा जिना, लॉबी, लिफ्ट सगळं मिळवून सांगत असतो. तो आकडा विसरावा. करारनाम्यात कार्पेट किती लिहिलंय तेवढंच विचारावं आणि बाल्कनीचं क्षेत्र वेगळं लिहून घ्यावं. या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, नमुना करारनाम्यात बांधकाम झाल्यावर कार्पेटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीत धरलेला आहे, आणि क्षेत्र कमी भरलं तर त्या हिशेबाने पैसे परत करण्याची तरतूद आहे. ४०९ फुटांवर ३ टक्के म्हणजे बारा फूट. ताबा घेताना टेप घेऊन जाणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे.

"बाल्कनीतून माहुली दिसतो, आणखी काय पाहिजे!"

आसनगावच्या बाजूला हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि माहुली किल्ल्याचे सुळके घरातून दिसावेत असं कोणाला वाटणार नाही? पण माहुली आसनगावच्या वायव्येला आहे. म्हणजे तो जिच्यातून समोर दिसतो ती बाल्कनी पश्चिम-वायव्येकडे तोंड करून आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतरचं ऊन थेट तिथून आत येणार आणि सूर्य मावळेपर्यंत भिंत तापणार. जूनपासून पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण अंगाच्या भिंतीच जास्त मार खातात. इथल्या पाड्यांवर मृगाआधी घराच्या पश्चिमेच्या कुडाला पेंढा किंवा प्लास्टिक बांधतात ते उगीच नाही. माहुली जरूर बघा, पण त्या बाजूच्या खिडक्यांवर छज्जा किती बाहेर आहे, बाल्कनीच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार दाखवलाय का, हेही विचारा.

याच्या मुळाशी आणखी एक गैरसमज असतो. कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असं आपण शाळेतल्या नकाशावरून धरून चालतो. इमारतीचा नकाशा कागदावर बसेल तसा फिरवलेला असतो, बहुतेकदा रस्ता खाली येईल असा. उत्तरेचा बाण शोधावा. तो ब्रोशरमध्ये नसेल तर मंजूर नकाशात असतोच. मग कागद साइटवर न्यावा आणि बाण खऱ्या उत्तरेला येईपर्यंत स्वतः फिरावं. हॉलची खिडकी रस्त्याकडे आहे की शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. सगळ्यात वरच्या मजल्याचं घर असेल तर एवढं लक्षात ठेवा की आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा खिडकीपेक्षा स्लॅब जास्त तापतो.

खिडकीचंही तसंच. नकाशात चार फुटांची खिडकी दिसते, पण दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे वारा दोन फुटांतून येणार. आणि बाथरूमची खिडकी मोकळ्या हवेत उघडते की डक्टमध्ये, ते पाहायला विसरू नये.

"नमुना फ्लॅट बघितला, म्हणजे आपला बघितला."

नमुना फ्लॅटमध्ये बऱ्याचदा आतली दारं बसवलेली नसतात, भिंतीला मोठा आरसा असतो, पलंग लहान असतो. जागा मोठी वाटावी अशीच ती मांडणी असते. शिवाय एकाच मजल्यावरचे दोन शेजारी फ्लॅट बऱ्याचदा आरशातल्यासारखे उलटे असतात. नमुन्यात बेडरूम उजवीकडे, तुमच्यात डावीकडे. उलटा झाला की ऊन आणि पाऊस दोन्ही बदलतात. आपल्या फ्लॅटचा क्रमांक मजल्याच्या पूर्ण नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

काही गोष्टी तर रंगीत नकाशात उतरतच नाहीत. वरून जाणारा बीम हा त्यातला मुख्य. मजल्याची उंची तीन मीटर असली तरी स्लॅब आणि फरशी वजा होते, आणि बीमखालून आणखी फूट-दीड फूट कमी होतो. तिथे पंखा लागत नाही, उंच कपाट बसत नाही. कॉलम मात्र दिसतात. भिंतीत भरीव काळे चौकोन असतात ते. भिंतीबाहेर आलेला कॉलम पलंगाची जागा खातो, म्हणून तोही फक्कीत आखावा.

दुसरी न दिसणारी गोष्ट पाणी. आमच्या भातसा धरणाची साठवण क्षमता ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्याचा जवळपास निम्मा भाग या एका धरणात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या गावांत आणि पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. हे लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून घराच्या नकाशाबरोबर इमारतीच्या आवाराचा नकाशाही मागा. जमिनीखालची टाकी किती लिटरची, बोअरवेल कुठे, सांडपाण्याचा प्रकल्प कोणाच्या खिडकीखाली, आणि "समोर मोकळी जागा" म्हणतात तिथे दुसऱ्या टप्प्याची इमारत आखलेली आहे का, हे त्या एका कागदावर कळतं.

"ब्रोशरमधला नकाशा आणि मंजूर नकाशा एकच असतो."

असतोच असं नाही. ब्रोशरच्या तळाशी बारीक अक्षरांत "चित्र केवळ कल्पनेसाठी" असं लिहिलेलं असतं. पाया धरायचा तो मंजूर नकाशा, आणि तो मागण्याचा हक्क खरेदीदाराला कायद्याने दिला आहे. महारेरा १ मे २०१७पासून काम करते. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते, आणि मंजुरीचे कागद तिथेच बघता येतात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी लागत नाही. आपल्या भागात अशा छोट्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये.

"कायदा काय, कागदावरच" असं म्हणून लोक सोडून देतात. पण नोंदणी झालेल्या प्रकल्पांसाठी रेरा कायद्याची कलमं कामाची आहेत. कलम १२नुसार, जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. कलम १३नुसार, करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कलम १४नुसार, तुमच्या सदनिकेच्या मंजूर नकाशात तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. किरकोळ बदलांना त्यात सूट आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो विनामोबदला दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची.

काका रांगोळीचा चौकोन मोबाइलमध्ये टिपून बिल्डरच्या ऑफिसात गेले. तोवर त्या मजल्याचं वीटकाम सुरू झालं नव्हतं. बाथरूमचं दार खोलीत उघडायचं ते आत उघडणारं करून घेतलं आणि खोलीचं दार कोपऱ्याकडे नऊ इंच सरकवलं. दोन्ही बदल करारनाम्याला जोडलेल्या नकाशावर लाल शाईने दाखवून त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. कपाट आता पायथ्याशी उभं राहतं. पाळण्याची कडी काकूंनी हॉलमध्ये, बीमपासून दोन फूट सोडून, स्लॅब भरण्याआधीच बसवून घेतली.