गिअरचे पॅडल आणि एक दाता



पावसाळा सरला की आपण बैलाची खुरं बघतो, मोटारीचा फूटवॉल्व साफ करतो. मोटारसायकल मात्र धुऊन पुसली की झाली, असे समजतो. हंगामात हीच गाडी ऊसतोड टोळीमागे, गट ऑफिसला, स्लिप बॉयकडे दिवसाला दहा खेपा मारते. म्हणून माझी स्वतःची चूक आज सांगतो. दुसऱ्याची सांगितली तर कोणी मनावर घेत नाही.

दिवाळीआधी चेनच्या पुढच्या चक्रातला चिखल काढायला मी घरीच झाकण उघडले. त्यासाठी गिअरची जोडणी सोडवावी लागली. माझ्या गाडीचे पॅडल मागे आहे. तिथून एक जोडदांडी, म्हणजे मेकॅनिक म्हणतात तो लिंक रॉड, पुढे जातो आणि गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दातेरी दांड्यावरच्या लहान हाताला जोडलेला असतो. साफसफाई झाली आणि तो हात मी नजरेच्या अंदाजाने परत बसवला. अंगणात पहिला गिअर टाकला, लागला. दुसरा लागला. म्हटलं, झालं काम.

मेहुण्याचे घर शहापूर तालुक्यात उंबरमाळीला, खर्डी आणि कसाऱ्याच्या मध्ये. भाऊबीजेला मी इगतपुरीकडून निघालो. सरळ रस्त्याला एक-दोनदा खालचा गिअर अडखळला, मी दुर्लक्ष केले. कसारा घाट उतरताना चौथ्यातून तिसऱ्यात यायला पॅडल दाबले. गिअर लागलाच नाही, अधेमधे राहिला. इंजिनाचा अटकाव गेला आणि गाडी मोकळी सुटली. मागे ट्रक, पुढे वळण. दोन्ही ब्रेक दाबत कडेला घेतली तेव्हा हात थरथरत होते.

मेहुण्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, वाकून पाह्यलं आणि हसला. "भावजी, हात एक दाता चुकलाय. पॅडल खाली आलंय, दाबलं की फूटरेस्टला टेकतंय. गिअर पुरता लागायच्या आधीच तुमचा पाय अडतोय."

"मग अंगणात पहिला कसा लागला?"

"न्यूट्रलवरून पहिल्यात यायला अर्धीच चाल लागते. चौथ्यातून तिसऱ्यात यायला पुरी लागते."

त्याने जे केले ते क्रमाने लिहितो.

सोडवण्याआधी खूण करा. दांड्याच्या टोकावर आणि हाताच्या फटीसमोर सेंटर पंचाने एक ठिपका द्या, नाहीतर रंगाची रेघ ओढा. कित्येक गाड्यांत कारखान्याची खूण असतेच, ती पुसून बघा. वायसर आणि सर्कलिप ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा.

हात काढताना त्याचा बोल्ट नुसता ढिला करू नका, पूर्ण काढा. पुष्कळ गाड्यांत तो दांड्याच्या खाचेतून जातो. ढिला ठेवून हातोडी मारली तर दाते खराब होतात आणि आतल्या ऑइल सीललाही धक्का बसतो.

हात उलटा बसवू नका. वर असलेला हात खाली तोंड करून बसला, तर गिअरचा क्रमच उलटा होतो. वर टाकायला जावे आणि खाली पडावा, असा प्रकार.

आता जुळवणी. मोठा फरक दात्याने काढायचा, बारीक फरक जोडदांडीने. दांडीच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे आटे असतात. दोन्ही चेक नट ढिले करून (उलट्या आट्याचा नट उलटाच सुटतो, हे विसरू नका) दांडी जागेवर फिरवली की ती लांब किंवा आखूड होते. आटे दोन्हीकडे सारखेच आत राहिले पाहिजेत. पॅडल मोकळे असताना दांडी आणि हात यांच्यात साधारण काटकोन हवा; म्हणजे वरची आणि खालची चाल सारखी मिळते. मग दांडी एका हाताने धरून चेक नट आवळा. पॅडलच्या खिळीला थोडे ग्रीस द्या.

ज्या गाड्यांत पॅडल थेट दांड्यावर बसते, तिथे जोडदांडी नाही. सगळा हिशेब दात्याचा. दाते झिजून पॅडल घसरत असेल तर पॅडल बदला. वेल्डिंग करून चिकटवू नका. पुढच्या वेळी झाकण उघडायलाच येणार नाही.

शेवटी तपासणी, जी मी केली नव्हती. गाळप सुरू होण्याआधी कारखान्यात मिल रिकामी फिरवून बघतात ना, तसेच. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद. मागचे चाक हाताने फिरवत सगळे गिअर वर टाका आणि सगळे खाली आणा. प्रत्येक वेळी पॅडल आपोआप मधल्या जागी परत आले पाहिजे. फूटरेस्ट, साइड स्टँड, झाकण, कशालाही टेकता कामा नये. जो बूट घालून गाडी चालवता तोच घालून बघा.

गिअर इंजिन बंद असतानाही अडत असेल, तर दोष जोडणीत किंवा गिअरबॉक्सच्या आत. बंद असताना सुरळीत आणि चालू असताना कडक, तर आधी क्लच बघा. एवढा फरक कळला तरी गॅरेजात आपली फसगत होत नाही.

मेहुण्याला हे सगळे करायला एक पाना आणि पाव तास लागला. तो पाव तास मी अंगणात वाचवला होता.