राव जोधा पार्क: जोधपूरची सोपी पायवाट

मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमिनीवर राव जोधा डेझर्ट रॉक पार्क पसरले आहे. इथला खडक जुन्या ज्वालामुखीचा, रायोलाइट. त्यावर वेड्या बाभळीने कब्जा केला होता. 2006 पासून ती मुळासकट उपटली गेली. मुळापर्यंत खडक फोडायचे काम खाणकामात मुरलेल्या खंडवालिया कामगारांनी केले. मग खास खडकावर वाढणारी स्थानिक झाडे लावली गेली. थोर हे झुडूप त्यातलेच. सिंघोरिया पोळ या दरवाजातून आत शिरले की रंगांच्या खुणांनी आखलेल्या पायवाटा लागतात. हाथी नहर या खडकात कोरलेल्या कालव्यातली वाट सर्वांत देखणी. चढ किरकोळ, पण सावली जवळजवळ नाहीच. हिरवाईसाठी पावसाळ्यानंतर, चालण्यासाठी हिवाळ्यात सकाळी जावे. टोपी आणि पाणी विसरू नये.